वणव्यापासून घराचं संरक्षण आणि टॅक्स: अमेरिकेतल्या मराठी घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२५मध्ये पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगींत लॉस एंजेलिस काउंटीतल्या सोळा हजारांहून जास्त इमारती जळाल्या. तेव्हापासून टॅक्सच्या हंगामात हे प्रश्न हमखास येतात. विचारणारे बहुतेक कॅलिफोर्नियातले, थोडे कोलोराडोतले, आणि काही घर मागे ठेवून पुण्या-मुंबईला परतलेले. उत्तरं २०२५ सालचं रिटर्न समोर ठेवून लिहिली आहेत. एकाच गोष्टीची पुनरुक्ती नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. घर वणव्याला टिकेल असं करून घेतलं तर फेडरल टॅक्समध्ये थेट सूट मिळते का?

नाही. छप्पर, खिडक्या, व्हेंट (हवा खेळण्यासाठीच्या जाळ्या), अंगणातली झाडी यांपैकी कशालाही वणव्यापासूनच्या संरक्षणासाठी म्हणून फेडरल क्रेडिट (देय टॅक्समधून थेट सूट) किंवा वजावट (करपात्र उत्पन्नातून सूट) नाही. सोलर पॅनेलवरची ३० टक्क्यांची सूट इतकी वर्षं होती की घरावर काहीही बसवलं की टॅक्समध्ये मिळतंच, असा समज होऊन बसला आहे. काही कंत्राटदारही कोटेशन देताना तो समज खोडून काढत नाहीत. काँग्रेसमध्ये अशा सवलतीची विधेयकं अधूनमधून मांडली जातात आणि त्यांच्या बातम्या व्हॉट्सअॅपवर कायदा झाल्यासारख्या फिरतात. त्या भरवशावर ४० हजार डॉलरच्या कामावर सही करू नका. काम करायचं असेल तर घर वाचावं म्हणून करा, टॅक्ससाठी नको.

२. निदान कॅलिफोर्निया राज्य तरी काही देतं का?

राज्याच्या आयकरातही या कामासाठी क्रेडिट नाही. राज्य मदत करतं, पण दुसऱ्या वाटांनी: निवडक भागांत अनुदान (प्रश्न १०), विमा कंपन्यांवर सवलतीची सक्ती (प्रश्न ११) आणि प्रॉपर्टी टॅक्सचे काही नियम (प्रश्न ७ आणि ८). कोलोराडोत मात्र खरंच एक टॅक्स क्रेडिट आहे, त्याची गंमत प्रश्न १४मध्ये.

३. मग टॅक्सचा फायदा आहे तरी कुठे?

घराच्या कॉस्ट बेसिसमध्ये. घर घेतानाची किंमत अधिक त्यावर केलेल्या कायमस्वरूपी सुधारणा म्हणजे बेसिस. विक्रीच्या वेळी नफा मोजताना तो वजा होतो. वादळ, पूर, आग यांपासून बचावासाठी केलेली कायमची सुधारणा बेसिसमध्ये धरायची, हे आयआरएसच्या (फेडरल आयकर खात्याच्या) प्रकाशन क्र. ५४७मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तिथे उदाहरण पुराचं पाणी अडवणाऱ्या बांधाचं आहे, पण तत्त्व तेच.

"पण राहत्या घराच्या नफ्यावर पाच लाखांची सूट असतेच की," असं बरेच जण म्हणतात. बरोबर. विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं मालकी आणि वास्तव्य असेल तर एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. ओहायोत बहुतेकांना तेवढं पुरतं. बे एरियात पुरत नाही.

एक काल्पनिक हिशेब घेऊ. सॅन रॅमोनमधलं घर २०१२मध्ये साडेआठ लाखांना घेतलं आणि आज एकोणीस लाखांना विकलं. विक्रीखर्च बाजूला ठेवला तर नफा साडेदहा लाख. त्यातले पाच लाख सुटले, साडेपाच लाखांवर टॅक्स. आता मधल्या काळात छप्पर, खिडक्या, व्हेंट आणि भिंतींचं आवरण यांवर मिळून ६२ हजार खर्च झाले असतील, तर करपात्र नफा तेवढ्याने कमी होतो. फेडरल १५ टक्के, गुंतवणूक उत्पन्नावरचा ३.८ टक्के आणि कॅलिफोर्नियाचा ९.३ टक्के धरला तर एकूण २८.१ टक्के, म्हणजे जवळपास १७,४०० डॉलर वाचतात. आपला नफा सुटीच्या मर्यादेत राहणार असेल तर यातला एक छदामही वाचत नाही, हेही लक्षात ठेवा.

४. कोणता खर्च बेसिसमध्ये धरता येतो आणि कोणता नाही?

घराची किंमत किंवा आयुष्य वाढवणारं काम ही सुधारणा. घर आहे तसं चालू ठेवणारं काम ही देखभाल, आणि देखभालीचा खर्च राहत्या घरासाठी कुठेच धरता येत नाही.

लाकडी शेकच्या (छपरावरच्या लाकडी पट्ट्यांच्या) जागी क्लास ए, म्हणजे आगीला सर्वांत जास्त टिकणाऱ्या दर्जाचं पूर्ण छप्पर घातलं, एकेरी काचेच्या जागी दुहेरी टेम्पर्ड काच बसवली, लाकडी साइडिंग (भिंतींचं बाहेरचं आवरण) काढून फायबर सिमेंट लावलं, उघड्या वळचणी बंद करून घेतल्या, पोटमाळ्याचे जुने व्हेंट काढून निखारे अडवणारे बसवले, तर या सगळ्या सुधारणा. भिंतीलगतच्या पाच फुटांत बार्क मल्च (झाडांच्या सालींचे तुकडे) काढून दगड-खडी किंवा काँक्रीटची वाट केली तर तीही, कारण लँडस्केपिंग, पायवाटा आणि कुंपण आयआरएसच्या सुधारणांच्या यादीत आहेत. लाकडी कुंपणाचा घराला चिकटलेला भाग काढून तिथे लोखंडी फाटक लावलं तर तेही धरा.

पन्हळींतली पानं काढणं, दरवर्षीचं गवत कापणं, फांद्या छाटणं, छपराचे चार फुटलेले शिंगल बदलणं ही देखभाल. निखाऱ्यांपासून घर वाचवायला पन्हळ साफ असणं हे महागड्या छपराइतकंच महत्त्वाचं आहे. टॅक्सचा कायदा मात्र पहिल्याला शून्य मोजतो आणि दुसऱ्याला पूर्ण. यात न्याय नाही, पण नियम असा आहे.

दोन बारकावे. मोठ्या नूतनीकरणाचा भाग म्हणून झालेली किरकोळ दुरुस्ती त्या कामाबरोबर सुधारणेत धरता येते. आणि जी सुधारणा आता घरात उरलेलीच नाही तिचा खर्च बेसिसमधून काढावा लागतो: २००८मध्ये घातलेलं छप्पर २०२४मध्ये उतरवून नवं घातलं असेल, तर २००८चा खर्च गेला, फक्त २०२४चा राहिला. हे काढायचं जवळजवळ सगळेच विसरतात.

५. मी आणि मुलाने मिळून शनिवार-रविवारी व्हेंट बसवले. आमच्या मेहनतीचे पैसे धरता येतात?

नाही. सामानाचा खर्च धरा, घामाचा नाही. पैसे देऊन माणूस लावला असता तर त्याची मजुरी बेसिसमध्ये गेली असती.

६. कोणती कागदपत्रं ठेवायची आणि किती वर्षं?

घर विकलं त्या वर्षाचं रिटर्न भरल्यानंतर किमान तीन वर्षं. म्हणजे २०१६ची पावती २०४१मध्येही लागू शकते, आणि दुकानातल्या थर्मल कागदावरची अक्षरं तोवर पार पुसून गेलेली असतात. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

पावतीपेक्षा मोठी अडचण बिलाच्या मजकुराची असते. "रूफ अँड मिसलेनियस, ३८,०००" एवढंच लिहिलेलं बिल हाती आलं तर त्यात सुधारणा किती आणि देखभाल किती हे दहा वर्षांनी कंत्राटदारालाही आठवत नाही. पैसे देण्याआधीच ओळवार बिल मागा: छप्पर वेगळं, व्हेंट किती आणि कोणत्या मॉडेलचे ते वेगळं, झाडतोड वेगळी. सोबत कंत्राटदाराचा परवाना क्रमांक, शहराची परमिट, तपासणी झाल्याची नोंद, आणि व्हेंटच्या खोक्यावरच्या लेबलचा फोटो. हीच फाइल विम्याच्या सवलतीलाही लागते.

एक प्रत घराबाहेर ठेवा. क्लाउडवर, नाहीतर पुण्यात भावाकडे. आगीतून बचावाचे पुरावे आगीतच जाणं ही थट्टा नाही, तसं होतं, आणि तेव्हा बेसिस सिद्ध करायची गरज सर्वांत जास्त असते (प्रश्न १७).

७. नवं छप्पर घातलं तर घराचं मूल्यांकन वाढून प्रॉपर्टी टॅक्स चढेल का?

सहसा नाही. कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १३मुळे करपात्र मूल्य दरवर्षी जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं. पुन्हा मूल्यांकन होतं ते मालकी बदलली किंवा "नवं बांधकाम" झालं तरच. जुनं छप्पर, खिडक्या, साइडिंग काढून त्याच जागी चांगल्या दर्जाचं बसवणं हे साधारणपणे बदलीचं काम समजलं जातं. परमिट काढली की असेसरला (मूल्यांकन करणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याला) कळतं, हे खरं. पण कळणं म्हणजे मूल्यांकन नव्हे, आणि या भीतीने परमिट टाळणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

काम इतकं मोठं असेल की घर जवळपास नव्यासारखंच झालं, तर मात्र ते नवं बांधकाम धरलं जातं. त्याच कामात एक खोली वाढवली किंवा डेक मोठा केला तर वाढलेल्या भागापुरतं मूल्यांकन होतं. अशा वेळी आग-सुरक्षेचं काम आणि वाढीव बांधकाम यांचे आकडे परमिटच्या अर्जात वेगवेगळे दाखवा.

याशिवाय, जुन्या घरात आग विझवणारी स्प्रिंकलर यंत्रणा, आग ओळखणारी यंत्रणा किंवा आगीच्या वेळी बाहेर पडण्याची सोय केली तर ती नवं बांधकाम धरायची नाही, अशी राज्याच्या कायद्याच्या कलम ७४मध्ये १९८४पासून सूट आहे. भूकंपासाठीच्या मजबुतीकरणाला आणि पावसाचं पाणी साठवण्यालाही अशाच स्वतंत्र सुटी आहेत. छपरावर बाहेरून पाणी मारणारे स्प्रिंकलर बसवणार असाल तर ते कलम ७४मध्ये धरणार का, हे काउंटीच्या असेसरकडून आधी लेखी विचारून घ्या.

८. घर वणव्यात गेलं. नव्या बिल्डिंग कोडप्रमाणे (बांधकामाच्या नियमांप्रमाणे) पुन्हा बांधलं तर प्रॉपर्टी टॅक्स नव्या किमतीवर लागेल का?

पूर्वीच्याच तोडीचं घर बांधलं तर जुनं मूल्य कायम राहतं. आजच्या कोडमध्ये सक्तीची झालेली क्लास ए छप्परं आणि व्हेंट वापरली म्हणून ते "मोठं घर" होत नाही. १,८०० चौरस फुटांच्या जागी २,६०० चौरस फुटांचं बांधलं तर वाढीव भागाचं मूल्यांकन नव्याने होईल.

पहिलं काम मात्र दुसरंच. नुकसान १० हजार डॉलर किंवा जास्त असेल तर बारा महिन्यांच्या आत असेसरकडे आपत्ती-सवलतीचा अर्ज करा, म्हणजे घर उभं नसतानाच्या काळातला टॅक्स कमी होतो. त्याच जागी बांधायचंच नसेल, तर प्रपोझिशन १९नुसार वणव्यात घर गमावलेल्यांना जुनं करपात्र मूल्य राज्यात कुठेही दुसऱ्या राहत्या घरावर नेता येतं. नवं घर महाग असेल तर फरक त्यात मिळवला जातो. त्याची मुदत दोन वर्षांची आहे. त्याच काउंटीत आणि साधारण तुल्य किमतीचं घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक जुना नियम आहे, त्यात पाच वर्षं मिळतात.

९. आमचं घर राज्याच्या नकाशावर वणव्याच्या धोक्याच्या पट्ट्यात नाही. तरी हे नियम लागू होतात?

बेसिसला पट्ट्याशी काही देणंघेणं नाही, तो सगळीकडे सारखा. अनुदान, विम्याच्या काही सवलती आणि विक्रीच्या वेळचे खुलासे यांना पट्टा लागतो. आणि २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याने शहरी भागांचे नवे नकाशे काढले, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी पाहिलेल्या नकाशावर विसंबू नका. आता "हाय" किंवा "व्हेरी हाय" पट्ट्यात गेलेलं घर विकताना भोवतालची मोकळी जागा नियमानुसार राखल्याची कागदपत्रं खरेदीदाराला द्यावी लागतात. म्हणजे तुमचं काम नुसतं बेसिस वाढवत नाही, सौदाही अडकू देत नाही.

१०. सरकारकडून घर मजबूत करायला अनुदान मिळालं. त्यावर टॅक्स लागतो का?

पैसा कुठून आला त्यावर ठरतं.

फेमाचा (फेडरल आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचा), म्हणजे स्टॅफर्ड कायद्याखालचा आपत्ती-निवारण निधी असेल तर फेडरल टॅक्स कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे तो उत्पन्न नाही. बदल्यात एक अट आहे: त्या पैशातून झालेलं काम बेसिसमध्ये धरायचं नाही. ३० हजारांच्या कामात २२ हजार अनुदान आणि ८ हजार तुमचे असतील, तर बेसिस आठच हजारांनी वाढतो.

निव्वळ राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या तिजोरीतून आलेल्या पैशाला ही फेडरल सूट आपोआप मिळत नाही. कॅलिफोर्नियात भूकंपासाठी घराचा पाया बांधून घेणाऱ्यांना अनुदान मिळालं आणि मागोमाग १०९९ फॉर्म (ते पैसे उत्पन्न म्हणून आयआरएसला कळवल्याचे कागद) आले, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले. हा भेद मिटवणारं विधेयक काँग्रेसमध्ये एकाहून अधिक वेळा मांडलं गेलं आहे. कॅलिफोर्नियाचा वणवा-निवारण कार्यक्रम काही काउंट्यांत दोन्हीकडचा पैसा एकत्र करून चालतो, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये राज्याने विमा खात्यामार्फत छप्पर आणि पाच फुटांच्या पट्ट्यासाठी अनुदान देण्याचा कायदाही केला. म्हणून मंजुरीच्या पत्रात निधीचा स्रोत काय लिहिलाय ते वाचा. लिहिलेला नसेल तर ईमेलने विचारा आणि ते उत्तर फाइलला लावा.

११. विमा कंपनीने हप्ता कमी केला. ही सूट उत्पन्नात दाखवायची का?

नाही, तो फक्त स्वस्त झालेला हप्ता आहे. राहत्या घराच्या विम्याचा हप्ता मुळात वजावटीत येतच नाही, त्यामुळे दोन्हीकडून विषय संपला.

पण खऱ्या पैशाच्या हिशेबात बहुतेकांना टॅक्सपेक्षा इथेच जास्त मिळतं. ऑक्टोबर २०२२पासून कॅलिफोर्नियाच्या विमा खात्याचा "सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स" हा नियम लागू आहे: ठरवून दिलेली कामं केलेल्या घराला कंपनीने सवलत दिलीच पाहिजे, तुमच्या घराला वणव्याच्या धोक्याचे किती गुण दिलेत ते सांगितलं पाहिजे, आणि त्यावर अपील करू दिलं पाहिजे. सवलत किती द्यायची हे कंपनीगणिक बदलतं. नूतनीकरणाच्या आधी कामांची यादी आणि फोटो पाठवा. न मागता ती सवलत लावून देणारी कंपनी विरळा.

१२. दारातली तुळस काढायची का?

हा टॅक्सचा प्रश्न नाही, पण दर वर्षी येतो, आणि बहुधा आई-बाबा पुण्याहून आलेले असताना येतो.

भिंतीपासूनचे पहिले पाच फूट निर्ज्वलनशील ठेवायचे, असं विमा खात्याच्या यादीत आहे. उडत आलेले निखारे भिंतीच्या पायथ्याशीच साचतात. त्या हिशेबाने दाराला चिकटून ठेवलेली वाळकी तुळस, तिच्याखालचा लाकडी स्टँड, काथ्याचं पायपुसणं आणि दिवाळीनंतर महिनोन्‌महिने लटकत राहिलेलं आंब्याच्या पानांचं तोरण, सगळं चुकीच्या जागी आहे. यात सर्वांत वाईट ते पायपुसणं. तुळस विटा-सिमेंटच्या वृंदावनात, पाच फुटांपलीकडे हलवा. सिमेंटची ती जागा आणि फरशी कायमची असेल तर लँडस्केपिंग म्हणून बेसिसमध्येही जाईल, फार थोडी का होईना.

१३. छपरासाठी होम इक्विटी लोन काढलं. त्याच्या व्याजाची वजावट मिळते?

मिळते, पण कर्ज त्याच घरावर तारण असलं पाहिजे, पैसा त्याच घराच्या ठोस सुधारणेवर खर्च झालेला असला पाहिजे, आणि तुम्ही आयटमाइझ करत (ठरावीक वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवत) असलं पाहिजे. सगळ्या मॉर्टगेजची मिळून साडेसात लाख डॉलरची मर्यादा आहे. पूर्ण नवं छप्पर या व्याख्येत आरामात बसतं, झाडं छाटणं बसत नाही. लोनच्या ५० हजारांतले ३५ हजार छपराला आणि १५ हजार भाचीच्या लग्नाच्या तिकिटांना गेले तर व्याजाचीही त्याच प्रमाणात विभागणी होते. लोनसाठी वेगळं खातं ठेवा.

१४. आम्ही कोलोराडोत राहतो. तिथे वणव्यासाठी टॅक्स क्रेडिट आहे ना?

आहे, आणि तुम्हाला वाटतं त्या कामासाठी नाही.

३० डिसेंबर २०२१ला बोल्डर काउंटीत मार्शल फायरने लुईव्हिल आणि सुपिरियरमधली हजारावर घरं एका दिवसात गिळली. पुढच्याच वर्षी कायदेमंडळाने नवं क्रेडिट मंजूर केलं. २०२३ आणि २०२४ या वर्षांसाठी वणवा-प्रतिबंधाच्या खर्चाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ६२५ डॉलर, असं त्याचं स्वरूप होतं. फेडरल करपात्र उत्पन्नाची मर्यादा २०२३साठी १ लाख २० हजार डॉलर होती, आणि ती जोडप्यालाही तेवढीच. दोघंही आयटीत असाल तर बहुतेक तिथेच दार बंद. या योजनेच्या रकमा कायदेमंडळ बदलत असतं, म्हणून ज्या वर्षाचं रिटर्न त्या वर्षाच्या महसूल खात्याच्या सूचना वाचा.

आता गंमत. हे क्रेडिट जमिनीसाठी आहे, घरासाठी नाही. इमारतीभोवती मोकळा पट्टा तयार करणं आणि राखणं, झाडी विरळ करणं, आग अडवणारे पट्टे काढणं, आणि तोडलेल्या लाकडाची विल्हेवाट लावणं: तुकडे करणं, उचलून नेणं, नियंत्रित जाळणं. नवं छप्पर, व्हेंट, साइडिंग यांना एक पैसाही नाही. मार्शल फायर वाऱ्याने पेटलेल्या गवतातून घुसून घराघरांतून पसरली होती हे आठवलं की, निम्मंच काम झालंय असं वाटतं. पण फेडरल नियमांत जे झाडी छाटणं शून्य (प्रश्न ४), तेच इथे मोजलं जातं, म्हणून दोन्ही एकत्र पाहिलं तर खर्चाची बरीच बाजू झाकली जाते.

जागा वस्ती आणि रान यांच्या सीमेवरच्या पट्ट्यात हवी. प्रत्यक्ष खिशातून गेलेले पैसेच धरायचे, तेही पावतीनिशी. तपासणीची फी, स्वतःची मेहनत, किंवा अनुदानातून भागलेला खर्च चालत नाही. परतावा म्हणून रक्कम हाती येत नाही, देय टॅक्समधूनच वजा होते.

१५. घर भाड्याने दिलंय. नियम वेगळे आहेत का?

बरेच वेगळे, आणि तुमच्या फायद्याचे. राहत्या घरासाठी जी देखभाल वाया जाते तीच इथे त्याच वर्षी शेड्यूल ई वर (रिटर्नमधल्या भाड्याच्या हिशेबाच्या फॉर्मवर) खर्चात जाते: गवत कापणं, पन्हळी साफ करणं, विम्याचा हप्ता, सगळं. सुधारणांचा घसारा काढायचा. छप्पर, खिडक्या, साइडिंग साडेसत्तावीस वर्षांत, कुंपण आणि अंगणातलं दगडकाम पंधरा वर्षांत. बिलातली एकेक वस्तू अडीच हजार डॉलरच्या आत असेल तर त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये पर्याय निवडून सरळ खर्चात टाकता येते. व्हेंटचं काम बहुधा यात बसतं. प्रश्न ६मधलं ओळवार बिल इथेच रोख पैसे मिळवून देतं.

१६. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरच पेस कर्जाचा (घराच्या सुधारणेसाठी घेतलेल्या आणि या बिलातूनच फेडायच्या कर्जाचा) हप्ता आणि झाडीसफाईचा आकार येतो. एचओएनेही (घरमालकांच्या सोसायटीनेही) छपरांसाठी जादा वर्गणी काढली. हे सगळं प्रॉपर्टी टॅक्स म्हणून वजा करता येईल?

नाही. बिलावर छापलं म्हणून ते टॅक्स होत नाही. पेसच्या हप्त्यातलं मुद्दल ही सुधारणेची परतफेड, तेव्हा काम बेसिसमध्ये जातं, आणि व्याज मॉर्टगेज व्याजाच्या नियमांनी (प्रश्न १३) पाहायचं. हे कर्ज घेण्याआधी दहादा विचार करा: त्याचा बोजा मॉर्टगेजच्याही वर बसतो, आणि घर विकताना किंवा रिफायनान्स करताना बँका ते आधी फेडायला लावतात. तुम्ही गवत काढलं नाही म्हणून काउंटीने काढून लावलेला आकार ही देखभाल, कुठेच धरता येत नाही. एचओएची नेहमीची वर्गणीही नाही. पण कॉन्डोच्या सामायिक छपरासारख्या भांडवली कामाला काढलेली खास वर्गणी असेल तर तुमचा वाटा बेसिसमध्ये धरता येतो. त्यासाठी ठरावाची प्रत मागून ठेवा.

१७. एवढा खर्च करूनही घर जळलं. तो खर्च नुकसानीत दाखवता येईल?

थेट नाही. बचावासाठी केलेला खर्च हा नुकसानीचा भाग नसतो. पण त्यातल्या कायमच्या सुधारणांनी बेसिस वाढलेला असतो, आणि नुकसानीची वजावट बेसिसपेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून आडवाटेने तो मोजला जातोच. २०२५पर्यंत राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या आपत्तीतलंच नुकसान चालत होतं. २०२६पासून राज्याने जाहीर केलेल्या आपत्तीही धरल्या जातात. विम्याची भरपाई आधी वजा होते.

जुन्या मालकांना मात्र उलटाच धक्का बसतो. १९९८मध्ये तीन लाखांना घेतलेल्या घराचे विम्याकडून अकरा लाख आले, तर कायद्याच्या नजरेत तो नफा आहे, घर राखेत असलं तरी. इथेही राहत्या घराची पाच लाखांची सूट लागू होते. उरलेला नफा नव्या घरात पैसे गुंतवून पुढे ढकलता येतो. जाहीर आपत्तीत राहतं घर गेलं असेल तर त्याला चार वर्षं मिळतात. आग-सुरक्षित बांधकामाचा जादा खर्च या गुंतवणुकीत पूर्ण मोजला जातो. ढकललेला नफा नव्या घराच्या बेसिसमधून वजा होतो, एवढं मात्र लिहून ठेवा.

१८. खिडक्यांना ऊर्जा-बचतीचं क्रेडिट मिळायचं. टेम्पर्ड दुहेरी काचेला ते चालेल?

३१ डिसेंबर २०२५पर्यंत बसवून झालेल्या खिडक्यांनाच. त्या ऊर्जेच्या ठरलेल्या दर्जाच्या असतील तर किमतीच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ६०० डॉलर. त्यानंतर हे क्रेडिट बंद झालं. ऑर्डर डिसेंबरात आणि बसवणं जानेवारीत असेल तर गेलं. छपराला हे क्रेडिट २०२३पासूनच नव्हतं. जितकं क्रेडिट घेतलं तितकं बेसिसमधून कमी करा.

१९. आम्ही कायमचे भारतात परतलो. अमेरिकेतलं घर आता विकतोय. हा खर्च उपयोगी पडेल का?

हो, आणि इथे कागदपत्रांना सर्वांत जास्त किंमत आहे. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल आणि तुम्ही अनिवासी असाल, तर खरेदीदाराला साधारणपणे विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे भरावी लागते. खरेदीदार स्वतः राहायला घेत असेल आणि किंमत तीन ते दहा लाखांच्या दरम्यान असेल तर १० टक्के. कॅलिफोर्नियाची कपात वेगळी. कपात नफ्यावर नाही, किमतीवर होते. खरा टॅक्स त्याहून कमी असल्याचं बेसिसच्या पुराव्यांनिशी दाखवून फॉर्म ८२८८-बी वर कपात घटवून मागता येते. तो अर्ज व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवसापर्यंत गेला पाहिजे. नाहीतर पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकून पडतात.

परतून तीन वर्षांहून जास्त झाली असतील तर पाचपैकी दोन वर्षं राहण्याची अट तुटते आणि करमुक्त नफ्याची सूट जाते, त्यामुळे बेसिसमधला प्रत्येक डॉलर मोजला जातो. मधे घर भाड्याने दिलं असेल तर घेतलेल्या (किंवा घ्यायला हव्या होत्या त्या) घसाऱ्यावर वेगळा टॅक्स लागतो. भारतात तुम्ही आता सामान्य निवासी असाल तर तिथेही हा नफा दाखवावा लागतो. तिथेही सुधारणेचा खर्च वजा होतो, आणि अमेरिकेत भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागता येतं. दोन्ही देशांच्या सल्लागारांना एकच फाइल पाठवा. दोघांनी सुधारणांचे वेगवेगळे आकडे लावले की पहिली नोटीस त्याच ओळीवर येते.